आधी आम्ही, मग तुम्ही

पुलाच्या या टोकाला थोरला कातडं कापायचा आणि त्या टोकाला धाकटा त्याला तळ ठोकायचा, तेव्हा कुठे एक बूट पुरा व्हायचा. ही वाटणी त्यांच्या बापानं करून ठेवलेली. बाप कारागीर म्हणून एक नंबर, पण स्वभावानं शंकेखोर. आपण डोळे मिटल्यावर ही दोन पोरं भांडतील, वेगळी होतील, या धास्तीनं त्याला आयुष्यभर पोखरलं. म्हणून त्यानं एक शक्कल काढली. थोरल्याला कातडं कापायला आणि बुटाचा वरचा भाग शिवायला शिकवलं, बस्स. धाकट्याच्या ताब्यात लाकडी कलबूत दिले, म्हणजे ज्यांच्यावर कातडं ताणून बुटाला पायाचा आकार देतात ते साचे, आणि त्याला तळ बसवायला शिकवलं. एकाला दुसऱ्याचं काम कधी दाखवलं नाही. थोरल्यानं लहानपणी एकदा चोरून हातोडी उचलली, तर बापानं असा काही रट्टा दिला की पुढे त्याला हातोडीचा मोहच राहिला नाही. अर्धा बूट घेऊन जाणार कुठे, झक मारत एकत्र राहतील, असा म्हाताऱ्याचा हिशोब. त्या हिशोबात त्यानं नदी धरली नव्हती.

म्हणजे नदी होतीच. पलीकडे दुसरा देश, हेही होतंच. पण तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नसे. धाकट्याला पलीकडची मुलगी आवडली, सासऱ्याचं दुकान रिकामं पडलं होतं, तो लग्न करून तिकडेच राहिला. पुलावर दोन देशांच्या दोन चौक्या होत्या आणि त्यांतले शिपाई दिवसभर एकमेकांशी पत्ते खेळायचे. आठवड्याच्या सुरुवातीला थोरला शिवलेल्या भागांचं गाठोडं हातगाडीवर टाकून पलीकडे न्यायचा. आठवडा सरताना धाकटा तयार बूट घेऊन अलीकडे यायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा, पुतण्याची टर उडवायचा आणि झोपायला घरी जायचा. शिपायांचे बूट फुकट दुरुस्त होत, त्यामुळे गाठोड्यात काय आहे हे विचारायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

मग महासंघाचं वारं आलं. श्रीमंत देशांनी मिळून केलेला हा महासंघ. एकदा आत गेलं की जकात नाही, अडवणूक नाही, कुठेही जा, कुठेही काम करा, कुठेही माल विका. नदीच्या दोन्ही काठच्या देशांनी एकाच सुमाराला अर्ज केला होता. तयारी दोघांची सारखीच, म्हणजे नव्हतीच. महासंघातल्या मोठ्या लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, दारात आलेल्यांना ताटकळत ठेवू नका, आत आले की सुधारतील. दुसरा म्हणे, आधी तुमचं घर आवरा, मग या. बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी मोठ्या लोकांनी मोठ्या लोकांना शोभेल असाच तोडगा काढला. अलीकडच्या देशाला लगेच घ्यायचं, पलीकडच्याचं नंतर बघू. असं का, ते कुणालाच धड कळलं नाही. कुणी म्हणालं बंदर आपल्याकडे आहे म्हणून, कुणी म्हणालं आपले मंत्री हसतमुख आहेत म्हणून.

अलीकडच्या लोकांना कौल द्यायचा होता, जायचं की थांबायचं. गावात घराघरात वाद. धाकटा त्या आठवड्यात जेवायला आला तेव्हा त्यानं नेहमीसारखी थट्टा केली नाही. जेवता जेवता तो म्हणाला की दादा, थोडं थांबलात तर आपण दोघं बरोबर जाऊ, मध्ये पूल आहे तो पूलच राहील. थोरल्याला ते पटलं नाही. त्याला घाई झाली होती. घाई वाईट नसते, मनात भलं असलं की माणसाला घाई होतेच. त्याच्या मुलीला शिकायचं होतं, मुलाला धंदा वाढवायचा होता आणि थोरला स्वतः अजून कुणाच्या देशात कधी गेला नव्हता, पूल सोडला तर.

शाळेच्या सभागृहात सभा झाली. जोड्यांचं आणि चामड्याचं काम करणाऱ्यांच्या संघटनेचा थोरला अध्यक्ष. भाषण करायला कुणी तरी हवं म्हणून त्याला उभं केलं. तोवर त्याला कुणी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो बोलला. म्हणाला, पलीकडच्यांना सोडून जातोय असं समजू नका. बाहेर दोघांनी मिळून दार ठोठावण्यापेक्षा एकानं आत शिरून कडी काढावी. आत गेलो की आपल्यालाही मत आहे, आणि आपलं मत कुणाचं असणार, हे काय सांगायला हवं? "आधी आम्ही, मग तुम्ही," तो मागच्या रांगेकडे बघून म्हणाला. मागच्या रांगेत धाकटा बसला होता. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यानंच वाजवल्या. परत जाताना तो पुलावर भेटेल त्याला सांगत होता, माझा भाऊ आहे तो, आमच्या घरात सगळेच असे बोलतात.

प्रवेशाच्या दिवशी पुलावर दिवे लागले, बँड वाजला, धाकटा बायकापोरांसह येऊन नाचला. आणि दुसऱ्या सकाळी पत्ते खेळणारे शिपाई गायब. त्यांच्या जागी काचेची खोली, कॅमेरे आणि लांबून कुठून तरी बदलून आलेली तरणी पोरं. थोरला सवयीनं हातगाडी घेऊन गेला तर त्यांनी गाठोडं सोडायला लावलं. आत निम्मे बूट. हा माल कोणता, यावर त्यांची बैठक बसली. बूट म्हणावा तर तळ नाही, कातडं म्हणावं तर शिवलेलं. शेवटी ठरलं की जाताना ते कातडं आहे आणि येताना परदेशी बूट आहे. म्हणजे स्वतःच्याच कातड्यावर थोरल्यानं जकात भरायची. काचेतल्या पोरानं हे अगदी नम्रपणे समजावून सांगितलं आणि वर विचारलं, तळ तुम्हीच का बसवत नाही? बापानं शिकवलं नाही, असं साठीला आलेला माणूस सांगणार कसा?

थोडे दिवस ओढाताण करून बघितली, मग गाडी थांबली. थोरला तोंड वासून बसला आणि गावाचीही तीच गत. गावाबाहेर कातडं कमावण्याचा कारखाना होता. मालकानं नदीत सांडपाणी सोडण्याच्या महासंघाच्या नव्या नियमांसाठी पाच वर्षांची सवलत मागितली होती. ती मिळाली असती. पण आपल्या मंत्र्यांना प्रवेशाची तारीख गाठायची होती, त्यांनी सवलती मागायच्या सोडून दिल्या. कारखान्याला टाळं लागलं. मालक गावात नुसता हिंडायला लागला, त्याला सगळे तरीही मालकच म्हणत. शिकलेली पोरं निघून गेली, मग न शिकलेलीही. थोरल्याची मुलगी कुठल्याशा मोठ्या शहरात म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेली आणि तिथल्या म्हाताऱ्यांचे फोटो बापाला पाठवू लागली. एकूण रस्त्यावर दुकानं कमी आणि बंद शटरं जास्त दिसू लागली.

थोरला तरला तो मुलामुळे. मुलगा हिकमती. त्यानं तयार रबरी तळ चिकटवायचं यंत्र आणलं. कलबूत नको, ठोकायला नको, काका तर नकोच. मोठ्या देशातल्या एका दुकानदाराला स्वस्तात बूट हवे होते. महासंघातच पण गरीब असा कारागीर तो शोधत होता आणि थोरल्याचं गाव त्याला अगदी मापाचं बसलं. गावातल्या बायका कामाला आल्या. दुकानाचा कारखाना झाला, पांढरे दिवे लागले. थोरला अजून कातडं हातानं कापायचा, कारण त्याला दुसरं येत काय होतं? पण चिकटवलेला तळ बघितला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. मुलाला ती दिसायची. तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

त्याच सुमारास धाकट्याची वहिनी गेली. धाकट्याला आई आठवत नव्हती. त्याला न्हाऊमाखू घातलं ते वहिनीनं, त्याच्या पहिल्या बुटाला नावं ठेवली ती तिनं, त्याची बायको पसंत केली तीही तिनंच. ती आजारी पडल्याचं कळताच त्यानं अलीकडे यायच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवाना आला, पण ती गेल्यानंतर. तिला स्मशानात पोचवलं त्या दिवशी तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला दिवसभर उभा राहिला. थोरला सगळं आटोपून त्याला भेटायला गेला. निघताना थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुमची वेळ आली की बघ, एक दिवस उशीर होऊ देणार नाही. धाकट्यानं मान डोलावली. थोरल्याचा शब्द त्याला नेहमीच पुरत असे.

आणि ती वेळ आली. पलीकडच्या देशानं कायदे बदलले, लाचखाऊ न्यायाधीश काढले, जमेल तेवढं घर आवरलं आणि परत दाराशी येऊन उभा राहिला. आत घ्यायचं तर आतल्या प्रत्येक देशाची संमती लागते. बाकीचे हो म्हणाले किंवा गप्प बसले. घोडं अडलं ते अलीकडच्याच देशापाशी. आपलं सरकार म्हणायला लागलं की घाई नको. पण शेजाऱ्याला नाही म्हणायचा वाईटपणा कोण घेणार? तेव्हा सरकारनं जाहीर केलं की सीमेवरच्या लोकांना विचारू, त्यांचं जनजीवन एक आहे, ते म्हणतील तसं. गावोगावच्या संघटनांनी ठराव करून पाठवायचे होते.

मुलानं विषय काढला तो यंत्रापाशी, हात चालू ठेवून. म्हणाला, "बाबा, काका आत आले की आपली ऑर्डर त्यांच्या बाजूला जाणार. तिकडे मजुरी आपल्या निम्मी आहे."

थोरला भडकला. अरे, तुझा सख्खा काका आहे तो, त्यानं तुला खांद्यावर बसवून हा पूल ओलांडलाय, वगैरे सगळं तो बोलला. मुलानं ऐकून घेतलं. मग यंत्र बंद करून त्यानं समोरच्या टेबलांकडे बोट दाखवलं, जिथे बायका मान खाली घालून काम करत होत्या, आणि विचारलं, "यांना काय सांगायचं? तेवढं तुम्ही सांगा, मी काकांना मिठाई घेऊन जातो." पोरगा लबाड असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो खरं बोलत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मालक, म्हणजे तो टाळं लागलेल्या कारखान्याचा, गप्पा मारायला आला. तोही त्याच विषयावर. म्हणाला की घाई आपल्याला भोवली, पाच वर्षं मिळाली असती तर मी आज माणसांत असतो. त्यांना तरी सावकाश येऊ द्या, त्यांच्याच भल्याचं आहे. हे ऐकलं आणि थोरल्याला एकदम हलकं वाटलं. त्यांच्याच भल्याचं! हे त्याच्या डोक्यात कसं आलं नव्हतं? त्यानं मालकाला चहा पाजला, आणखी एक पाजला, आणि तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा काढून घेतलं. वाक्यात खोट नव्हती, हेच तर वाईट. माणसाला सोयीचं असलेलं खरं सापडलं की तो इतर खऱ्याकडे कानाडोळा करतो, आणि थोरला काही जगावेगळा नव्हता.

धाकट्याचा सुट्टीच्या दिवशी फोन यायचा, तसा आला. तो खुशीत होता. तुमच्याकडे ठराव घेणार म्हणे, मग काय, अध्यक्ष आपलाच, असं म्हणून हसत होता. थोरल्यानं चाचरत सांगून पाहिलं की फार घाई करण्यात अर्थ नाही रे, आमचे काय हाल झाले बघतोस ना.

"झाले ना," धाकटा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण दादा, ते हाल आत बसून झाले. तुझी पोरगी गेली ती दारातून गेली आणि दारातून परत येऊ शकते. माझी पोरगी परवा एका दलालाला भेटून आली, ट्रकमधून नेतो म्हणतो तो. तिला मी काय सांगू, अजून दहा वर्षं थांब?"

थोरला म्हणाला की तिला जाऊ देऊ नकोस. धाकटा म्हणाला की तू आहेस म्हणून तर थोपवून धरलंय. मग त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, जेवलास का, आणि फोन ठेवला.

संघटनेची खोली लोखंडी सामानाच्या दुकानावर होती, लाकडी जिन्याची. सभेला झाडून सगळे आले. चिटणीस बुटांचं पॉलिश आणि लेस विकणारा. त्यानं चष्मा लावून ठराव वाचला की पलीकडच्या देशाला घाईनं प्रवेश देऊ नये, पुरती तयारी होईपर्यंत थांबावं. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावा, असं म्हणून त्यानं चष्मा काढला. एकही हात वर गेला नाही. खोलीतल्या प्रत्येकाचं पलीकडे कुणी ना कुणी होतं. एकाची बहीण दिली होती, एकाचा साडू होता, चिटणीसाची तर स्वतःची आई. ठराव सगळ्यांनाच हवा होता, पण पहिला हात कुणालाच आपला नको होता. सगळे थोरल्याकडे बघायला लागले.

थोरल्यानं समोरच्या भिंतीकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं की तो नुसता बसून राहिला तर हा ठराव होत नाही. उठून दोन शब्द बोलला तर उलटाही होईल, इतकं त्याचं वजन होतं. त्याला ट्रक दिसला. बायकांच्या खाली घातलेल्या माना दिसल्या. मुलाचे डोळे दिसले. पुलाच्या टोकाला उभा असलेला धाकटाही दिसला, नाही असं नाही. तो घसा खाकरून म्हणाला, "आपण घाई केली, आपल्याला भोवली. त्यांच्या भल्याचंच आहे," आणि त्यानं हात वर केला. कातडं कापून कापून तो खांदा हल्ली दुखायचा, नीट वर जायचा नाही. त्या दिवशी गेला. मग त्याच्या मागून सगळे हात भराभर वर झाले आणि जिन्यावरून उतरताना सगळे जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते. थोरला सगळ्यांच्या शेवटी उतरला.

पुढचं पटापट झालं. सरकारनं नकार दिला. बातम्यांत सांगितलं की सीमेवरच्या कारागिरांचंही बहुमतानं हेच म्हणणं आहे. पलीकडच्या अर्जाचा विचार पुढे केव्हा तरी होईल. तो केव्हा तरी म्हणजे केव्हा, ते कुणी सांगितलं नाही. मुलाच्या ऑर्डरी वाढल्या. घरी सुनेनं गोडाचं केलं तेव्हा थोरल्यानं वाटी तशीच बाजूला सारली. सुनेला वाटलं, दात दुखतोय. धाकट्याचा त्या आठवड्यात फोन आला नाही, पुढच्याही आठवड्यात नाही. आता त्याला कळलं असणार, थोरल्याच्या मनात येई. कळलं असेल तर निदान एक काम आपोआप झालं. मग त्याला या विचाराचीच किळस वाटायची. चूक आपण केली आणि ती सांगायची उस्तवारही दुसऱ्या कुणी परस्पर करावी, इथपर्यंत आपण आलो? त्याला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

म्हणून एका सकाळी त्यानं दाढी केली, चांगला सदरा घातला आणि तो निघाला. मनाशी वाक्यं जुळवली होती. मुलाच्या आड लपायचं नाही, मालकाच्या आड लपायचं नाही, त्यांच्या भल्याचं तर तोंडातूनही काढायचं नाही. मी हात वर केला, पहिला मी केला, एवढंच सांगायचं. मग धाकट्यानं कानाखाली मारली तर मारू दे. काचेच्या खोलीतल्या पोरानं त्याचा पासपोर्ट नुसता बघून परत दिला, महासंघाच्या माणसाला कोण अडवतं? शेजारची पलीकडच्यांची रांग मात्र पुलाच्या मध्यापर्यंत होती. तिच्यात त्याला ओळखीचे चेहरे दिसले. त्यानं पावलं उचलली.

धाकट्याचं दुकान रस्त्याला लागून, चार पायऱ्या उतरून खाली. बाहेर बाकावर, पायऱ्यांवर शेजारपाजारचे बसले होते. काम नसलेल्या रस्त्यावर माणसं अशी बसलेली असतातच. न्हावी होता, छत्र्या दुरुस्त करणारी बाई होती, धाकट्याचा सासरा होता. थोरला दिसताच बोलणं थांबलं. झालं, तो मनात म्हणाला. आणि मग न्हावी उठून उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही उठले. छत्रीवाल्या बाईनं पदराला हात पुसले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. थोरल्याला काहीच कळेना.

धाकटा पायऱ्या चढून धावत वर आला. फोन करायला तोंड होत नव्हतं, म्हणाला. एक तर मुलगी गेली. ठराव कळला त्याच रात्री, चिठ्ठीचपाटी काही नाही. पोचल्याचा निरोप काल आला, तोवर मी कुणाशी बोलतच नव्हतो. आणि दुसरं म्हणजे तुला काय वाटत असेल, ते मला ठाऊक होतं. तू एवढा जीव तोडून लढला असशील आणि शेवटी बहुमत विरोधात गेलं. कुठल्या तोंडानं माझ्याशी बोलशील म्हणून खात बसला असशील मनातल्या मनात. तुझा स्वभावच तसा.

"या लोकांना सांगत होतो मी," तो मागे वळून म्हणाला. "खोलीतले सगळे हात वर गेले असतील. एक नाही. खरं ना, दादा?"

सगळे बघत होते. सासरा बघत होता. दुकानाच्या दारात धाकट्याची बायको येऊन उभी राहिली होती, पोरगी गेल्यापासून तिचे डोळे सुजलेले, आणि तीही बघत होती. जुळवलेली वाक्यं थोरल्याच्या तोंडाशी होती. ती तिथेच राहिली.

"खरं," तो म्हणाला.

मग त्याला खाली नेलं, एकुलत्या खुर्चीत बसवलं. भिंतीवर कलबूत ओळीनं टांगलेले, बहुतेकांवर धूळ. भाऊजी, चहा घ्या, असं म्हणत धाकट्याच्या बायकोनं पेला हातात दिला. धाकट्याची नजर सवयीनं त्याच्या पायांकडे गेली. मुलाच्या कारखान्यातला बूट. चवड्यापाशी चिकटवलेला तळ सुटून जबडा उघडला होता. धाकटा जमिनीवर बसला, थोरला नको नको म्हणत असताना त्यानं तो बूट काढून घेतला, डिंक खरवडला, आरी घेतली, मेणाचा दोरा ओढला आणि शिवायला लागला. थोरला एका पायात मोजा घालून बसून राहिला. बूट हातात येईपर्यंत त्याला उठता येत नव्हतं. आणि तोवर न्हावी, सासरा, छत्रीवाली बाई, सगळे त्याच्याविषयी चांगलं बोलत होते, असा एक जरी माणूस तिकडे असेल तर आशा आहे म्हणत होते. त्याला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

"एकट्यानं हात खाली ठेवायचा म्हणजे," धाकटा मान वर न करता म्हणाला, "भीती नाही वाटली?"

"वाटली," थोरला म्हणाला. सकाळपासून तो एवढंच खरं बोलला होता.

धाकट्यानं दोरा दातानं तोडला, तळ वाकवून बघितला आणि बूट त्याच्या पायाशी ठेवला. "घाल. आमचा नंबर लागेपर्यंत तरी हा निघायचा नाही." सगळे हसले, सासराही हसला. थोरल्यानं बूट पायात सरकवला. लेस बांधायला तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.